वेष आणि सूर

मनावर हे धार जिल्ह्यातील, निमाडच्या उतारावरचे, मान नदीकाठचे गाव. येथे मराठी घरे थोडी. गणपती मात्र साऱ्या गावाचा. अनंत चतुर्दशीच्या सायंकाळी नदीकडे निघणाऱ्या मिरवणुकीत अलीकडे फेटे बांधलेली मुले आणि नऊवारी नेसलेल्या मुली दिसू लागल्या आहेत. कमरेला ढोल, हातात टिपरू, पुढे ताशाची तडतड आणि मागे झांजांचा ठेका. हे सारे पुण्याच्या रस्त्यांवरून येथवर आले आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्या लहानपणी येथे हे नव्हते. म्हणून ते वाईट, असे मी म्हणणार नाही. परंतु ते पाहताना मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न स्पष्ट शब्दांत माझ्यापुढे मांडला तो माझ्या भाच्याने, सात समुद्रांपलीकडून.

हा भाचा नोकरीनिमित्त न्यूयॉर्कला असतो. तेथे दर वर्षी १७ मार्चला सेंट पॅट्रिक या संताच्या नावाने आयरिश लोकांची मोठी मिरवणूक निघते. तिची पहिली नोंद १७६२ सालची आहे. म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याहूनही ती जुनी. त्या मिरवणुकीचे चित्रण त्याने मला पाठविले. गुडघ्यापर्यंतचे चुण्यांचे वस्त्र नेसलेले, खांद्यावर वाद्यांच्या नळ्या टेकलेले आणि काखेत हवेची पिशवी दाबून धरलेले वादक ओळीने चालले आहेत. मागे पडघम घुमत आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस माणसांची भिंत उभी आहे. चित्रणाखाली भाच्याने एकच ओळ लिहिली होती: ‘मामा, हे आपल्यासारखेच ना?’

त्याला मी लगेच उत्तर दिले नाही. मायदेश सोडून गेलेला समाज आपली ओळख वेषात आणि वाद्यात कशी जपतो, किंवा जपल्याचा भास कसा निर्माण करतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर शोधताना आयर्लंडची हकीकत वाचावी लागली, आणि ती वाचताना आपलीच देवळे डोळ्यांपुढे येऊ लागली. त्या विचाराचा हा निष्कर्ष वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम वेषाचा विचार करू. राज्यकर्त्यांना परक्या प्रजेचा वेष आणि तिचे गाणे या दोन गोष्टी नेहमी एकत्रच खुपत आल्या आहेत. १३६६ साली आयर्लंडमधील किल्केनी या गावी इंग्रजी सत्तेने जे कायदे केले, त्यांत आयर्लंडमध्ये वसलेल्या इंग्रजांनी आयरिश भाषा बोलू नये, आयरिश पद्धतीचा वेष करू नये आणि आयरिश गवई-वादकांना घरी थारा देऊ नये, असे फर्मावले होते. पुढे १५३७ साली आठव्या हेन्रीच्या अमदानीत केशरी रंगात रंगविलेल्या सदऱ्यांवरच बंदी आली. त्या काळचा खरा आयरिश वेष हा असा होता: तागाच्या धाग्याचा, पुष्कळदा केशराच्या रंगाचा लांब अंगरखा आणि त्यावर लोकरीची घोंगडीवजा शाल.

गोमंतकातील वाचकांना हे वाचून नवल वाटणार नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात बाटलेल्या प्रजेने पुडवें नेसू नये, स्त्रियांनी हिंदू पद्धतीची चोळी घालू नये, लग्नात ओव्या गाऊ नयेत, दारी तुळस ठेवू नये, असे बारीकसारीक निर्बंध घातले होते. तत्पूर्वी पावणेदोनशे वर्षे, १५६० च्या सुमारास, कुशस्थळीचा मंगेश जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. अंत्रुज महालातील कित्येक देवळे ही मुळात निर्वासित देवांची घरे आहेत, आणि त्यांचे महाजन कारवार, मंगळूर, कोची येथवर पांगलेले आहेत. तेव्हा परमुलखात आपलेपण कसे टिकवावे, हा प्रश्न आपल्याला परक्यांकडून शिकावयाचा नाही. देवांबरोबर पालखी गेली, नौबत गेली, सनई गेली. म्हणूनच नव्या जागी देऊळ उभे राहिले.

आता गंमत पाहा. न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत दिसणारा तो चुण्यांचा किल्ट आयरिश पूर्वजांचा मुळी नव्हेच. तो शेजारच्या स्कॉटलंडचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आयर्लंडमध्ये स्वभाषेची आणि स्वसंस्कृतीची चळवळ उभी राहिली, तेव्हा इंग्रजी पाटलोणीहून वेगळे असे काही तरी अंगावर हवे होते. जुना लांब अंगरखा कोणाच्या नित्याच्या वापरात उरला नव्हता. मग स्कॉटलंडचा किल्ट घेतला, त्याला केशरी रंग दिला आणि तो आयरिश म्हणून मिरवला. पॅट्रिक पिअर्स, जो पुढे १९१६ च्या उठावाचा नेता म्हणून फाशी न जाता गोळी खाऊन मेला, त्याने १९०० साली एका पत्रात या विषयावर मत दिले आहे. संग्रहालयातील जुनी आयरिश विजार पाहून तो म्हणतो की किल्ट तितका अस्सल नसेल. पण ही विजार घालण्यापेक्षा तो बरा. १९०८ साली त्याने काढलेल्या शाळेतील मुलांनी किल्ट घातले.

वाद्याची कथाही अशीच आहे. आयर्लंडमध्ये मध्ययुगात रणांगणावर वाजणारी पिशवीची मोठी पुंगी होती. ती अठराव्या शतकात लोपली. चळवळीच्या काळात ती पुन्हा आणली ती स्कॉटलंडच्या वाद्याच्या धर्तीवर, आणि पुंगी व पडघम यांचे पथक करून कवायतीने चालणे ही रीत तर ब्रिटिश लष्करातील स्कॉटिश पलटणींची. १९०८ साली लंडनच्या एका वाद्य बनविणाऱ्याने या पुंगीला जादा कळा बसवून त्या रचनेचा हक्क नोंदविला, आणि वाद्याला नाव दिले ब्रायन बोरूचे. हा राजा १०१४ साली लढाईत पडलेला! नऊशे वर्षांपूर्वीच्या राजाचे नाव, लंडनचा कारखाना आणि स्कॉटलंडचा घाट. परंपरा म्हणून जे मिरवले जाते त्याचे मूळ शोधू लागले की असे अनेकदा आढळते.

येथे एखादा टीकाकार थांबेल आणि म्हणेल, ‘तर मग हे सारे सोंग आहे.’ मला तसे म्हणवत नाही, आणि त्याला कारण आहे. न्यूयॉर्कच्या पोलिसांतील आयरिश वंशाच्या मंडळींनी १९६० साली आणि अग्निशामक दलातील मंडळींनी १९६२ साली आपापले पाइप बँड उभारले. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्या शहरातील दोन उत्तुंग इमारती कोसळल्या, तेव्हा अग्निशामक दलाचे ३४३ जवान मेले. त्यानंतरचे कित्येक महिने या दलाचे वादक एका अंत्ययात्रेकडून दुसऱ्या अंत्ययात्रेकडे जात राहिले. वाजविणारे व्यावसायिक नव्हते. स्वतः आगीत उतरणारे होते, आणि ज्यांच्यासाठी वाजवीत होते ते त्यांचे सोबती होते. त्या दिवसांत त्यांच्या अंगावरचा किल्ट कोणत्या देशाचा, हा प्रश्न विचारण्यास कोणाची जीभ रेटली असती? उसना वेष सेवेने आपला होतो. आपल्याकडेही बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या वादकांच्या काखेत हीच विलायती पुंगी आहे, आणि ती आज परकी वाटत नाही. कारण तिच्यामागे पलटणीचे रक्त आहे.

म्हणून वेष किती जुना, या एकाच कसोटीवर समाजाच्या मिरवणुकीचे मोल ठरविणे मला मान्य नाही. त्या न्यायाने आमच्या मुलांचा फेटाही टिकणार नाही. मनावरच्या मराठी घरांत आजोबा-पणजोबांच्या डोक्यावर जी पगडी होती ती माळव्यातील वळणाची होती. शिंदेशाही पगडी निराळी, होळकरशाही निराळी, पुणेरी निराळी; जाणता माणूस पगडीवरून संस्थान ओळखी. आजचा भगवा फेटा हा भेद पुसून टाकतो. येथून फार दूर नसलेल्या महेश्वरची हातमागाची नऊवारी लुगडी एके काळी याच मुलखातील घरांत नेसली जात; आजच्या मुली शिवलेली तयार नऊवारी पुण्याहून मागवितात. याचा खेद करावा, पण त्यासाठी मुलांना नावे ठेवू नयेत. प्रश्न याहून खोल आहे.

तो प्रश्न आयर्लंडच्या दुसऱ्या वाद्यात सापडतो. आयर्लंडची खरी, अखंड परंपरेची पुंगी निराळीच आहे. तिला ‘इलन पाइप्स’ म्हणतात. ती फुंकून वाजवीत नाहीत. वादक बसतो, एका कोपराखाली भाता दाबून दुसऱ्या काखेतील पिशवीत हवा भरतो आणि मांडीवर स्वरांची नळी टेकून वाजवितो. तिचा आवाज मृदू, आवाका दोन सप्तकांचा. सोबत अखंड सूर धरणाऱ्या नळ्या, आणि मनगटाच्या टोकाने दाबून साथीचे स्वर काढावयाच्या कळा. ती रस्त्यावरून मिरवता येत नाही. घरात, चुलीपाशी बसलेल्या दहा माणसांसाठी ती आहे. सात वर्षे शिकावे, सात वर्षे घोटावे आणि सात वर्षे वाजवावे, तेव्हा वादक तयार होतो, असे तेथील लोक म्हणतात. आपल्याकडील गुरुकुलातील एखाद्या बुवांनी म्हणावे तसेच हे बोलणे नव्हे काय?

या वाद्याचे पुढे काय झाले? १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच परदेशी गेली. गावोगावच्या वादकांचा आश्रय तुटला. त्यांतील कित्येक गरीबखान्यांत मेले. पुढे चळवळ आली, किल्ट आले, पथके आली, रस्ते दुमदुमले. आणि ज्या वाद्याच्या नावाने हे सारे अभिमानाचे वारे वाहत होते, ते बसून वाजवावयाचे वाद्य मात्र विझत चालले. १९६८ साली आयर्लंडमध्ये इलन वादकांनी एकत्र येऊन आपली संस्था स्थापन केली, तेव्हा सबंध जगात या वाद्याचे वादक शंभराच्या आत उरले होते. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये पाइप बँड मात्र जोमात वाजत होते. मिरवणूक वाढत असताना विद्या मरू शकते, हा आयर्लंडचा धडा आहे, आणि तोच मला भाच्याला सांगावयाचा होता.

विद्या मेली नाही, कारण काही माणसांनी निराळे काम केले. फ्रान्सिस ओनील हा त्यांतला एक. जन्म १८४८, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात. सोळाव्या वर्षी घर सोडून जहाजावर गेला आणि शेवटी शिकागो शहरात पोलीस झाला. १९०१ ते १९०५ या काळात तो त्या शहराच्या पोलिसांचा मुख्य होता. त्याला स्वरलेखन येत नसे. पण कानात साठलेल्या आईबापांच्या घरच्या चाली त्याने गाऊन-वाजवून दाखवाव्या आणि त्याच्याच आडनावाच्या एका सहकाऱ्याने त्या लिहून घ्याव्या, असे वर्षानुवर्षे चालले. नवा आलेला आयरिश वादक भेटला की ओनील त्याच्याकडून चाली ऐके आणि जमल्यास त्याला पोलिसांत नोकरी देई. १९०३ साली त्याने १,८५० चालींचा संग्रह छापला. १९०७ साली नाचाच्या १,००१ चालींचा दुसरा. मायदेशातील वादकांनी पुढे याच ग्रंथांवरून आपल्या चाली पुन्हा शिकून घेतल्या. परदेशी गेलेल्या एका फौजदाराने मायदेशाला त्याचे संगीत परत दिले! वादकांची संस्था निघाल्यावर वाद्ये घडविणे आणि शिकविणे पुन्हा सुरू झाले, आणि २०१७ साली युनेस्कोने या वादनकलेची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

आता आपल्या घरी परत येऊ. पिशवीच्या पुंगीचे मर्म काय? एक नळी चाल वाजविते आणि बाकीच्या नळ्या एकच सूर न थांबता धरून ठेवतात. पिशवी असते ती श्वास तुटू नये म्हणून. हे मर्म देवळातल्या सनईला नवे नाही. मुख्य सनईच्या शेजारी दुसरा वादक बसतो आणि केवळ षड्ज धरतो. मराठीत त्या वाद्याला ‘सूर’ म्हणतात, गोव्यात ‘सुर्त’. त्या वादकाजवळ पिशवी नसते; गालात हवा साठवून, नाकाने श्वास घेत तो तोच सूर घटका-घटका अखंड ठेवतो. आयरिश माणसाने जे कातड्याकडून करून घेतले ते आपल्या वाजंत्र्याने स्वतःच्या गालाकडून करून घेतले. तंजावरच्या मराठी राजांच्या मुलखात नृत्यामागे पिशवीचे ‘तुत्ती’ हे वाद्य सूर धरीत असे, आणि गढवालात आजही लग्नात मशक वाजते. तेव्हा पिशवीचे वाद्यही या भूमीला अपरिचित नाही. सूर धरणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. त्याला टाळी मिळत नाही. पण तो थांबला की सनईची चाल उघडी पडते.

पहाटेची नौबत, पूजेच्या वेळचा चौघडा, पालखीपुढची सनई हे आपले बसून, कान देऊन ऐकावयाचे वाद्यसंगीत. ढोल-ताशा हे रस्त्याचे. दोन्ही हवीत. ढोल-ताशाच्या पथकांनी एक मोठे काम केले आहे, आणि ते मान्य न करणे अन्यायाचे होईल. चामड्याच्या वाद्याला हात लावणे ज्या घरांत कमीपणाचे मानले जाई, त्या घरांतल्या मुली आज ढोल बांधतात. गणेशोत्सवापूर्वी महिना-दोन महिने रोज सायंकाळी तालमी होतात. डॉक्टर, कारकून, विद्यार्थी एका रांगेत उभे राहून एका ठेक्याला बांधून घेतात. न्यू जर्सीला, लंडनला, जेथे मराठी माणूस गेला तेथे हे पथक गेले. परदेशात जन्मलेल्या मुलाला मराठी वाचता येत नाही, पण ताशाचा ठेका येतो. हेही काही थोडे नव्हे.

परंतु आपण वाद्य घेतले, वादक घेतला नाही. ढोल उचलला, तो पिढ्यान्‌पिढ्या वाजविणारा माणूस होता तेथेच राहिला. सनईची गोष्ट तर याहूनही दुःखाची. घडशी, गुरव अशा वाजंत्री घराण्यांकडे देवळाची ही सेवा वंशपरंपरेने होती. त्यांना जमिनीचा तुकडा, धान्याचा वाटा, मानाचा नारळ मिळे. ती व्यवस्था मोडली, आणि ती मोडताना तिच्यातील उच्चनीचता गेली असती तर आनंदच होता. पण उच्चनीचता राहिली आणि पोटाची सोय तेवढी गेली. अशा घरातल्या मुलाने बापाची सनई खुंटीला टांगून कारखान्यात जावे, यात त्याचा काय दोष?

एका देवळातील प्रसंग सांगतो. देवळाचे नाव सांगणार नाही, कारण तसे देऊळ एकच नाही. पालखीच्या दिवशी आम्ही दर्शनास गेलो होतो. सभामंडपात आरती सुरू झाली आणि भिंतीवर बसविलेल्या विजेच्या यंत्राने एकाच वेळी नगारा, घंटा आणि झांज बडविण्यास आरंभ केला. त्याला ताल होता, पण आरती म्हणणाऱ्यांच्या तालाशी त्याचा संबंध नव्हता. लोकच धावत त्याच्यामागून चालले होते. कोपऱ्यात एक वृद्ध वाजंत्री सनई मांडीवर घेऊन बसला होता. यंत्र थांबले तेव्हा त्याने फुंकर घातली. त्याच्या शेजारी सूर धरणारा कोणी नव्हता. विचारता तो म्हणाला, ‘भाऊ होता सूर धरायला. तो गेला. आता दुसऱ्या माणसाचे पैसे देत नाहीत.’ बाहेर पालखी उठली. पुढे साठ ढोलांचे पथक, पाहुण्या गावाहून आणलेले, सर्वांना एकसारखे फेटे. त्या वृद्धालाही कोणी तरी तसाच फेटा बांधून दिला होता. तो पालखीजवळ चालत वाजवीत होता, आणि त्याची सनई मला दिसत होती. ऐकू येत नव्हती.

मी कोणावर ठपका ठेवीत नाही. व्यवस्थापकांना गर्दी सांभाळावयाची असते, पथकातील मुलांची भक्ती खोटी नव्हती, आणि दर्शनास आलेल्या माझ्यासारख्यांनी तरी त्या वृद्धापाशी किती वेळ बसून ऐकले? पण त्या दिवशी मला आयर्लंडचे १९६८ साल आठवले. आपण त्याच टप्प्यावर उभे आहोत. फेट्याचे ढीग आहेत. सूर धरणारा माणूस नाही.

या संदर्भात आमच्याच मुलखातील दोन माणसांची आठवण करून द्यावीशी वाटते. १७२८ च्या सुमारास तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंनी देवासला राज्य मांडले. धारेस त्यांचेच भाऊबंद नांदले. माळव्यातील मराठी वस्ती ही अशी तीनशे वर्षांची आहे, आणि दूर गेलेला समाज सण अधिकच थाटाने करतो त्याप्रमाणे देवासची गोकुळाष्टमी गाजत असे. १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून काही महिने तेथे होता. त्या उत्सवाचे वर्णन त्याने आपल्या पत्रांत केले असून ती १९५३ साली ग्रंथरूपाने निघाली. तो मनाने उदार होता, महाराजांवर त्याचे प्रेम होते. उत्सवासाठी त्याने हौसेने हिंदी वेषही केला. पण एकाच वेळी चाललेली भजने आणि वाद्ये यांच्या कल्लोळाने तो हैराण झाला. वेष त्याला घटकाभरात घालता आला. कान मात्र बदलता आला नाही.

पुढे १९४८ साली त्याच देवासला दुसरा एक परमुलखीचा माणूस आला. बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व क्षयाने आजारी होते, आणि कोरड्या हवेसाठी त्यांना येथे आणले होते. गाणे वर्ज्य. अंथरुणावर पडल्या पडल्या ते खिडकीबाहेरून जाणाऱ्या माळवी बायकांची गाणी ऐकत राहिले. बरे झाल्यावर त्यांनी ती लोकगीते जमविली, त्यांच्या चालींत दडलेले राग शोधले आणि माळव्याचे संगीत भारतभर पोहोचविले. त्यांनी माळव्याचा वेष केला नाही. माळव्याला कान दिला. परमुलखात राहणाऱ्याचे खरे कर्तव्य कोणते, याचे उत्तर मला या दोन उदाहरणांत मिळते. आमच्या मनावरच्या मुलांनाही म्हणावेसे वाटते की पुण्याचा ठेका जरूर शिका, पण होळीच्या आधी भगोरियाच्या बाजारात भिल्ल-भिलालांचा मांदल वाजतो, त्यापाशीही जरा थांबा. तो या मातीचा ठेका आहे.

मॉरिशसच्या मराठी लोकांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून कोकणातून गेलेली ही माणसे. त्यांच्याजवळ मिरवावे असे वस्त्र नव्हते, वाद्यांचा संच नव्हता. आज त्यांच्या घरात बोलली जाते ती बहुतांशी तेथली क्रिओल भाषा. पण गणेशचतुर्थीला ते ‘झाकरी’ नाचतात, आणि ती आपली कोकणातील जाखडीच आहे. गाणे मराठीत, फेर कोकणातला. पेटीत मावणारे काहीही न नेता त्यांनी जे पाठ होते तेवढे नेले, आणि तेच उरले.

तेव्हा भाच्याला मी उत्तर लिहिले ते असे: ‘होय, आपल्यासारखेच आहे. त्यांचा किल्ट उसना आहे आणि तुमचा फेटा तयार आणलेला. त्याने काही बिघडत नाही. पण त्यांच्याकडे ओनील होता. तुमच्या पथकात असा कोणी आहे काय, जो सुट्टीत घरी आल्यावर एखाद्या म्हाताऱ्या सनईवाल्याकडे आठ दिवस बसेल?’

हाच प्रश्न देवस्थानांच्या चालकांना आणि महाजनांना नम्रपणे विचारावासा वाटतो. जे करावयाचे ते फार खर्चाचे नाही. यंत्राचा नगारा बंद ठेवून निदान सणावारी माणसाकडून चौघडा वाजवावा. सनईवाल्याला जसे मानधन, तसे सूर धरणाऱ्यालाही द्यावे. त्याला वगळून सनई मागू नये. दोन मुलांना, ती कोणत्याही जातीची असोत, मुलगे असोत वा मुली, देवळाच्या खर्चाने ही विद्या शिकू द्यावी. पहाटेला, पूजेला, पालखीला वाजणाऱ्या चाली वादकाच्या नावासह ध्वनिमुद्रित करून आणि स्वरलिपीत लिहून ठेवाव्या. पालखीपुढे पथक असावे, पण देवळाच्या दारापाशी ढोल थांबावेत आणि पालखी आत जाईपर्यंतची वाट सनईची असावी. पथकातील मुलांना हे समजावून सांगितले तर ती आनंदाने ऐकतील. त्यांना वाद्याचे प्रेम आहे, केवळ कोणी सांगितलेले नाही.

निर्वासित देवांबरोबर ज्यांनी नदी ओलांडली, त्यांनी नवे देऊळ बांधण्याआधी पहिल्या पहाटे काही तरी वाजविले असेल. त्या वेळी अंगावर कोणते वस्त्र होते, हे आज कोणाला ठाऊक नाही. वाजविणे मात्र आपल्यापर्यंत आले. ते पुढे जाण्यासाठी त्या कोपऱ्यातल्या वृद्धाशेजारची रिकामी जागा भरली पाहिजे, आणि ती त्याच्या हयातीत भरली पाहिजे.